कॉर्नवॉलच्या वॉर्डात कोण कोण आहे, आणि आपल्या सिंधुदुर्गात कोण उरणार?

कॉर्नवॉल म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्येला समुद्रात घुसलेलं टोक. तिन्ही बाजूंनी पाणी आणि चौथीकडे टेमार नदी. वस्ती जवळजवळ पावणेसहा लाख. तातडीच्या सगळ्या उपचारांची सोय असलेलं मोठं हॉस्पिटल एकच, ट्रुरोजवळचं, ज्याला सगळे ट्रेलिस्क म्हणतात. अपघातात जबर इजा झाली किंवा मेंदूची शस्त्रक्रिया लागली की पेशंट नदी ओलांडून प्लिमथच्या डेरिफर्ड हॉस्पिटलला जातो.

सावंतवाडी-दोडामार्गकडच्या वाचकांना एव्हाना बांबोळी, म्हणजे गोव्याचं मोठं सरकारी हॉस्पिटल, आठवली असेल. आपलाही गंभीर पेशंट ॲम्ब्युलन्समध्ये घालून राज्याची हद्द ओलांडून गोव्यालाच न्यावा लागतो. कॉर्नवॉलला आल्यापासून मी या दोन किनाऱ्यांची तुलना करत आले आहे. दोन्हीकडे पर्यटक भरपूर, मासेमारी, पावसाळी हवा, म्हातारी माणसं जास्त आणि तरुण पोरं बाहेरगावी. दोन्हीकडे एकच प्रश्न: नर्स आणायच्या कुठून, आणि आणल्या तर टिकवायच्या कशा?

मी मालवण तालुक्यातली. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केला, मुंबईत वॉर्डात राबले, मग पोस्ट बेसिक, म्हणजे डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी, केली, आणि आता कॉर्नवॉलमधल्या एका छोट्या कम्युनिटी हॉस्पिटलात काम करते. फोनवर आई विचारते, "तुमच्या थंय पण माणसा मिळणत नाय काय गो?" तिला दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून हे सविस्तर.

आमच्या वॉर्डात रात्रपाळीला उभं राहिलं की अर्धं जग दिसतं. केरळच्या दोघी, फिलिपिन्सची एक, झिंबाब्वेची एक सीनियर, मी, आणि बाकीच्या इथल्याच. कॉर्नवॉलची वस्ती ९५ टक्क्यांहून जास्त गोरी आहे, त्यामुळे गावातल्या दुकानात आम्ही लगेच ओळखू येतो. वॉर्डात मात्र कुणाला त्याचं काही वाटत नाही. ब्रिटनमध्ये नर्स, मिडवाइफ आणि नर्सिंग असोसिएट (नर्सच्या खालची पायरी) यांची नोंद नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलकडे असते. (या कौन्सिललाही एनएमसीच म्हणतात, आपल्याकडच्या डॉक्टरांच्या आयोगाशी घोळ करू नका.) मार्च २०२४ मध्ये त्या रजिस्टरवर ८ लाख २६ हजार नावं होती आणि त्यातली जवळजवळ चौथाई परदेशात शिकलेल्यांची. नव्याने येणाऱ्या परदेशी नर्समध्ये गेली काही वर्षं भारतीय सगळ्यांत पुढे आहेत. पुरुष साधारण ११ टक्के. आपल्याकडच्या वॉर्डातही ब्रदर आता दिसू लागलेत, पण पेशंट अजून त्यांनाच डॉक्टर समजतो.

आता शिक्षण. इंग्लंडमध्ये शिकणाऱ्याला २०१३ पासून पदवीशिवाय रजिस्टर्ड नर्स होता येत नाही. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, एकूण ४,६०० तास. त्यातले निम्मे वर्गात आणि निम्मे प्रत्यक्ष वॉर्डात, लोकांच्या घरी, वृद्धांच्या केअर होममध्ये. आपल्याकडे अजून दोन वाटा आहेत. बारावीनंतर तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग. दोन्ही करून माणूस नर्स म्हणून नोंदला जातो आणि मिडवाइफ म्हणूनही.

हा फरक मोठा आहे. इथे विद्यार्थी पहिल्याच दिवशी एक शाखा निवडतो: प्रौढांची नर्सिंग, मुलांची, मानसिक आजारांची किंवा लर्निंग डिसॅबिलिटीची (बौद्धिक अक्षमता असलेल्यांची). मिडवायफरी हे तर पूर्ण वेगळं शिक्षण, वेगळी पदवी. मी जीएनएमला असताना बाळंतपणं केली आहेत, मनोरुग्णालयात पोस्टिंग केलं आहे, उपकेंद्रात लसीकरणाला बसले आहे. इथे मी 'ॲडल्ट नर्स'. वॉर्डात गरोदर बाई आली तर मिडवाइफला फोन करायचा. सुरुवातीला हे अवघड गेलं. मग लक्षात आलं की डिमेन्शिया झालेल्या ८५ वर्षांच्या माणसाला जेवू कसं घालायचं, पडण्यापासून कसं वाचवायचं, घरी पाठवताना काय काय पाहायचं, यात इथली नुकती पास झालेली मुलगीसुद्धा माझ्यापेक्षा पुढे आहे, कारण तिच्या तीन वर्षांचा बराच भाग त्यातच गेलेला असतो. कॉर्नवॉलमध्ये चौघांतला एक पासष्टीच्या पुढचा, त्यामुळे हे कौशल्य इथे रोज लागतं. उलट लांबच्या वाडीवर एकटीने उभं राहून जे समोर येईल ते निभावायचं, ही तयारी आपल्या शिक्षणात आहे. दोडामार्गाच्या आरोग्यसेविकेला बाळंतीणही पाहावी लागते, फुरसं चावलेला माणूसही, भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचा तापही आणि माकडतापाची साथही. तिला एकच शाखा देऊन चालणार नाही. म्हणून कोणाची पद्धत चांगली या वादात मी पडत नाही.

मला खरं सांगायचंय ते वेगळ्याच माणसाबद्दल. आमच्याकडे एक हेल्थकेअर असिस्टंट होती. म्हणजे आपल्याकडे ज्यांना आपण मावशी किंवा आया म्हणतो, त्यांच्यापेक्षा थोडं जास्त काम: आंघोळ घालणं, बीपी-शुगर बघणं, जेवण भरवणं. वय चाळिशीपुढचं, नवरा न्यूलिन बंदरातून मासेमारीला जाणारा, दोन मुलं शाळेत. स्वतःची शाळा संपल्यावर तिने पुढे शिक्षण घेतलं नव्हतं. एक्झेटर किंवा ब्रिस्टलला वसतिगृहात राहून तीन वर्षं शिकणं तिला शक्यच नव्हतं. पण ती ट्रेनी नर्सिंग असोसिएट झाली. दोन वर्षांचा फाउंडेशन डिग्रीचा कोर्स, आठवड्यातले काही दिवस शिक्षण, बाकी दिवस काम आणि पगार पूर्ण चालू. आता ती नोंदणीकृत नर्सिंग असोसिएट आहे आणि आणखी दोनेक वर्षांचा टप्पा पूर्ण करून रजिस्टर्ड नर्स होणार आहे. तिला कॉर्नवॉल सोडावं लागलं नाही, आणि ती सोडणारही नाही. तिचं घर इथे, बोट इथे, आईवडील इथे. प्लिमथ विद्यापीठ ट्रुरोतही नर्सिंग शिकवतं, त्यामुळे तरुण मुलांचंही तसंच. जी घराजवळ शिकली ती बहुतेक घराजवळच राहिली, हे मी डोळ्यांनी पाहते आहे.

ब्रिटनला ही अक्कल सहज आलेली नाही. इथे १९४३ पासून 'एनरोल्ड नर्स' नावाचा दोन वर्षांच्या प्रशिक्षणाचा वर्ग होता, साधारण आपल्या एएनएमच्या (आरोग्यसेविकेच्या) जवळचा. शिक्षण विद्यापीठात नेण्याच्या धोरणात नव्वदच्या दशकात तो वर्ग बंद पडला. नर्सिंगला पदवीचा मान मिळाला, ते योग्यच झालं. पण खालच्या पायरीवरून वर येणाऱ्यांची शिडी काढून घेतली गेली. मग २०१९ मध्ये नर्सिंग असोसिएटच्या नावाने इंग्लंडने ती पुन्हा उभी केली. त्याआधी २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट झाली होती. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मिळणारी बर्सरी, म्हणजे फी माफी आणि वर भत्ता, सरकारने इंग्लंडमध्ये बंद केली आणि कर्ज काढून शिका म्हणून सांगितलं. अर्ज धडाधड कमी झाले. सगळ्यांत जास्त मागे हटल्या त्या संसार सांभाळून शिकू पाहणाऱ्या थोड्या मोठ्या वयाच्या बाया. मानसिक आजार आणि लर्निंग डिसॅबिलिटीच्या शाखांत नेमक्या अशाच बाया जास्त येत, त्यामुळे त्या शाखा सर्वांत होरपळल्या. २०२० मध्ये वर्षाला ५,००० पौंडांचं अनुदान सुरू करावं लागलं.

आपल्याकडे शिडी आहे, आणि हे मी अभिमानाने सांगते. दोन वर्षांचं एएनएम, मग जीएनएम, मग पोस्ट बेसिक बीएस्सी, मग एमएस्सी. बारावीला आर्ट्स घेतलेली मुलगी थेट बीएस्सीला जाऊ शकत नाही, तिथे सायन्सच लागतं, पण जीएनएम करून पुढे पदवीपर्यंत पोहोचू शकते. वेंगुर्ला-देवगडच्या कितीतरी मुली याच वाटेने गेल्या. अडचण एवढीच की या शिडीच्या प्रत्येक पायरीवर घर आणि पगार दोन्ही सोडावे लागतात. उपकेंद्रात काम करणारी आरोग्यसेविका, आणि त्यातही एनएचएमवर (राष्ट्रीय आरोग्य अभियानात) कंत्राटी असेल तर, तीन वर्षं नोकरी सोडून जीएनएमला कशी जाणार? घरचा हप्ता कोण भरणार? म्हणून ती निवृत्त होईपर्यंत एएनएमच राहते, मग तिचा अनुभव कितीही असो. माझ्या ओळखीत अशा बाया आहेत ज्यांना नाडी बघून कळतं की पोर किती आजारी आहे. त्यांना कुणी पगारी अभ्यासरजा देऊन ओरोसला, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या मुख्यालयी, शिकायला बसवलं असतं तर आज त्या अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) असत्या, आणि त्याच तालुक्यात असत्या.

काही वर्षांपूर्वी जीएनएम बंद करून फक्त बीएस्सी ठेवायची घोषणा आपल्याकडेही झाली होती. ती मागे पडली. माझ्या मते बरं झालं. पदवी हवीच, पण शिडी मोडून नको.

आणि आत्ता संधी आहे. माझ्या शिक्षणाच्या वेळी कोकणात मोठी सरकारी शिकवणारी रुग्णालयं नव्हती. आता अलिबाग आणि सिंधुदुर्गात २०२१ पासून, रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. चिपळूणजवळ डेरवणला तर आधीपासून मोठं रुग्णालय आणि शिक्षण दोन्ही आहे. नर्सिंगच्या जागा वाढवायला हे लागतंच, कारण इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात प्रत्येक विद्यार्थ्यामागे तीन पेशंट धरले जातात. खाटा नसतील तर जागा वाढत नाहीत, आणि वाढवल्या तर त्या कागदावर. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०१४ नंतरच्या १५७ वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून तितकीच नर्सिंग कॉलेजं काढायची घोषणा झाली. कोकणाच्या तिन्ही महाविद्यालयांतही हेच सूत्र लावावं, आणि प्रवेशात त्या जिल्ह्यातल्या आरोग्यसेविका आणि आशा ताईंसाठी पगारी जागा राखाव्यात. आमदार-खासदार मंडळी गावी येतात तेव्हा रस्त्यासोबत हेही विचारा.

गावाकडून माणसं जाणं कोकणाला नवीन नाही. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. चाकरमानी मुंबईला गेले म्हणून २०११ च्या जनगणनेत दोन्हीकडे पुरुषांपेक्षा बायकाच जास्त होत्या. तोपर्यंत राहणाऱ्या त्या बायका होत्या. नर्सिंगने त्यांनाही बाहेरची वाट दिली, आणि मी त्याच वाटेने आले. तिने मला स्वतःच्या पायावर उभं केलं, भावाचं शिक्षण केलं. गावी नोकरी नाही म्हणून जावं लागू नये, मन झालं म्हणून जावं, एवढंच मला माझ्या मागून येणाऱ्या पोरींसाठी हवं आहे.

राहायच्या जागेचं मात्र इथेही कठीण आहे. कॉर्नवॉलमध्ये लंडनवाल्यांची दुसरी घरं आणि सुट्टीसाठी भाड्याने देण्याची घरं इतकी, की नर्सला परवडणारी खोली मिळत नाही. नोकरी मिळून घराअभावी परत गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. तारकर्ली, गणपतीपुळ्याला होमस्टे वाढताहेत त्याचा आनंदच आहे, पण ओरोसला नर्सेस क्वार्टर्स आत्ताच बांधून ठेवा.

ज्या मुली मेसेज करून विचारतात त्यांच्यासाठी थोडं नेमकं. इकडे यायला इंग्रजीची परीक्षा, म्हणजे आयईएलटीएस (ऐकणं, वाचणं, बोलणं यात ७, लिहिण्यात ६.५) किंवा ओईटी, मग सीबीटी ही संगणकावरची परीक्षा, आणि इथे आल्यावर ओएससीई ही दहा स्टेशनची प्रात्यक्षिक परीक्षा. दर तीन वर्षांनी रिव्हॅलिडेशन, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, असतं: ४५० तास काम, ३५ तास शिक्षण आणि स्वतःच्या कामावर लिहिलेली पाच टिपणं. ही टिपणं लिहायची सवय आपल्या कॉलेजांतही लावायला हवी, त्यातून मी खूप शिकले. पण २०२४ पासून परदेशी भरती स्पष्टपणे कमी झाली आहे. २०२५ मध्ये तर इथल्याच नव्या पदवीधरांना नोकरीसाठी थांबावं लागलं. त्यामुळे "लगेच व्हिसा, लगेच नोकरी" म्हणून लाखो रुपये मागणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. ब्रिटनच्या भरतीच्या आचारसंहितेनुसार उमेदवाराकडून भरतीची फी घेता येत नाही. आणि कॉलेज निवडताना तीन गोष्टी पाहाच: इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता, स्वतःचं रुग्णालय आहे का, आणि तिथल्या खाटांवर खरोखर पेशंट असतात का. तिसऱ्या गोष्टीसाठी सकाळी ओपीडीच्या वेळी स्वतः जाऊन वॉर्डातून एक फेरी मारा. घरातलं कुणी मोठं सोबत असेल तर उत्तम.