उधारीचा माल आणि माणसावरचा भरवसा

व्यापाऱ्याने द्राक्षांचे पैसे बुडवले, एवढे होऊनही तुम्ही माणसांवर विश्वास कसा ठेवता, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की आता तो पूर्ण होण्याआधीच मी ओळखते. लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक विचारतात, शाळेतल्या जुन्या सहकारी विचारतात, बाग पाहायला येणारी कृषी महाविद्यालयाची मुले निघताना विचारतात, आणि माझा मुलगा तर दर वर्षी पहिला व्यापारी बागेत पाय ठेवतो त्या दिवशी विचारतो. प्रश्नामागे काळजी असते, हे मला कळते. पण एकदा फसलेल्याने शहाणे व्हायचे म्हणजे माणसांविषयी वाईटच धरून चालायचे, आणि मी तसे करत नाही म्हणजे एक तर मी भोळी आहे किंवा मला दुसरा इलाज नाही, असेही त्यात गृहीत धरलेले असते. मला या दोन्ही गोष्टी मान्य नाहीत, पण त्या पूर्णपणे खोडून काढणेही मला जमलेले नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहीत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. मी बाईमाणूस, त्यात मास्तरीण, म्हणून फसले, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या वर्षीची फसलेल्यांची यादी पाहावी. तिच्यात पिढ्यान् पिढ्या द्राक्षे करणारे, माझ्यापेक्षा कितीतरी व्यवहारी शेतकरी होते. नाशिक जिल्ह्यातल्या गिरणारे, दिंडोरी, निफाड या पट्ट्यात ज्याच्या घरी द्राक्षबाग आहे त्याच्या घरी बुडालेल्या पैशांची निदान एक तरी गोष्ट असतेच.

उधारी का द्यावी लागते, हे शहरातल्या लोकांना सांगून पटत नाही. ऑक्टोबरमध्ये छाटणी झाली की सुमारे चार महिने बागेत पैसा ओतायचा असतो. भुरी आणि डाऊनी या रोगांसाठी फवारण्या, घडांची विरळणी, मणी फुगावेत म्हणून संजीवकाच्या, म्हणजे वाढीच्या औषधाच्या, पाण्यात घड बुडवणे (आमच्या भाषेत डिपिंग), हे सगळे आधी पदरचे घालून किंवा दुकानदाराच्या उधारीवर करायचे. मग गोडी भरते, ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे माप, अठराच्या पुढे जातो आणि त्यानंतर माल थांबत नाही. मार्चमध्ये आभाळ भरून आले की एका रात्रीच्या अवकाळी पावसाने मणी तडकतात. त्या दिवसांत बागेत उभा राहून भाव सांगणारा व्यापारी आणि आपण यांत घाई कुणाला आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. बाजार समितीच्या आवारात परवानाधारक व्यापाऱ्याकडून पैसे मिळण्याला नियमाचे थोडे तरी संरक्षण असते, पण द्राक्षाचा सौदा बहुतेक बागेतच होतो, आणि 2016 साली फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्यावर आवाराबाहेरचा सौदा पूर्णपणे दोन माणसांच्या शब्दावर आला. विसार, पहिल्या गाडीचे रोख पैसे, पुढच्या गाड्यांना धनादेश, हीच आमच्याकडची रीत.

आता तो प्रसंग, कारण प्रश्न विचारणाऱ्यांना अर्धाच माहीत असतो.

ज्या व्यापाऱ्याने पैसे बुडवले त्याच्यावर मी विश्वास ठेवलाच नव्हता. तो परप्रांतातला, मी त्याला पूर्वी कधी पाहिलेले नव्हते. विश्वास ठेवला होता तो त्याला घेऊन आलेल्या मुलावर. तो आमच्याच भागातला, सातवी आणि आठवीत माझ्या वर्गात असलेला, आणि मोठा झाल्यावर व्यापाऱ्यांना बागा दाखवून दलालीवर संसार चालवणारा. त्याने माझ्या ओट्यावर बसून सांगितले, "बाई, माणूस चांगला आहे, माझ्यावर सोडा." पहिली गाडी भरली आणि संध्याकाळच्या आत तिचे सगळे पैसे खात्यात जमा झाले. दुसऱ्या आणि तिसऱ्या गाडीला धनादेश मिळाला आणि आठ दिवसांनी भरा असे सांगण्यात आले. रक्कम साडेपाच लाखांची होती. आठ दिवस उलटायच्या आत व्यापाऱ्याचा फोन बंद झाला आणि त्याने भाड्याने घेतलेल्या गाळ्याला कुलूप लागले.

त्या गाळ्यासमोर मी पोहोचले तेव्हा तिथे आधीच पंधरा-वीस मोटारसायकली उभ्या होत्या. जाळीच्या दारातून आत रिकामे क्रेट दिसत होते, आणि प्रत्येक क्रेटवर रंगाने कुणा ना कुणाची आद्याक्षरे घातलेली होती. लोक जाळीला तोंड लावून आपापले क्रेट शोधत होते, जणू क्रेट सापडला म्हणजे पैशांचाही माग लागेल. एक तरुण शेतकरी, ज्याचा सगळाच्या सगळा माल या एकाच माणसाकडे गेला होता, पायरीवर बसून कुणाशीही बोलत नव्हता. आणि तिथेच, गर्दीच्या कडेला, माझा तो विद्यार्थी उभा होता. लोक त्याला शिव्या देत होते, एकाने त्याची कॉलर धरली. मला पाहिल्यावर तो म्हणाला, "बाई, मला खरंच माहीत नव्हतं. माझीही दलाली बुडाली."

हे खरे होते की खोटे, ते मला आजही कळलेले नाही. लोक या ठिकाणी मला थांबवतात आणि म्हणतात, कळले नाही कसे, उघड आहे की. मला ते उघड नाही. वर्गात त्याचे खोटे मी लगेच ओळखत असे. त्या दिवशी त्याच्या तोंडाकडे पाहून मला काहीच ठरवता आले नाही. त्या रात्री मात्र मी घरी आल्यावर म्हटले होते की माणूस हा मुळातच स्वार्थी आहे, बाकी सगळे संस्कार म्हणजे वरचा रंग. आयुष्यभर मुलांना जे शिकवले ते मी एका वाक्यात काढून टाकले होते, आणि ते बोलताना मला बरेही वाटले होते, कारण अशा वाक्यात एक मोठी सोय असते. ज्याने ते मान्य केले त्याला पुन्हा कुणाविषयी काही ठरवण्याचे कष्ट घ्यावे लागत नाहीत.

पुढे तक्रार दिली. तालुक्यातल्या एका ठाण्यात आधी हा दिवाणी वाद आहे असेच ऐकून घ्यावे लागले. धनादेश परत आल्यावर तीस दिवसांच्या आत नोटीस, मग पंधरा दिवसांची मुदत, मग महिन्याच्या आत न्यायालयात फिर्याद, हा न वटलेल्या धनादेशासाठीच्या कलम 138 चा क्रम पाठ झाला. पण ज्याच्या घराचा पत्ताच खोटा त्याला नोटीस लागू कशी करायची? जबाब लिहून घेताना मला विचारण्यात आले की त्या दलालाचे नाव आरोपी म्हणून घालायचे का. मी एवढेच लिहून दिले, की त्याने व्यापाऱ्याला आणले, त्याच्या शब्दावर मी माल दिला, आणि त्याने पैसे घेतल्याचे मी पाहिलेले नाही. ठाण्याबाहेर आल्यावर माझा मुलगा माझ्याशी बोलला नाही. त्याच्या मते मी गुरू-शिष्याच्या भाबडेपणापायी पुरावा हातचा घालवला. माझ्या मते मी जे पाहिले ते सांगितले. या मुद्द्यावर आमचे आजही एकमत नाही.

2020 मध्ये नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतकऱ्यांना फसवणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली आणि अनेकांचे बुडालेले पैसे परत आले. मलाही त्यानंतर काही रक्कम मिळाली, पूर्ण नाही. तेव्हा माझ्या भावाने मला विचारले, की बघ, माणूस सद्‌बुद्धीने पैसे देतो की दंडुक्याच्या भीतीने? त्याचा मुद्दा बिनतोड आहे. ते पैसे भीतीनेच परत आले. मी फक्त इतकेच म्हणेन, की भीती घालणारा कायदा आणि तो राबवायला निघालेला अधिकारी हेही माणसांमधूनच आले, आणि ज्यांनी ते काम केले त्यांच्या स्वतःच्या बागा काही बुडालेल्या नव्हत्या.

भाऊ याच वादात काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचा दाखला देतो. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तो सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे चालवला, दगड खाल्ले, तुरुंग भोगला, आणि दार काही उघडले नाही. 1934 मध्ये बाबासाहेबांनीच दादासाहेबांना तो थांबवायला सांगितले, आणि पुढच्या वर्षी येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. एवढ्या मोठ्या माणसांनीही शेवटी माणसाच्या मनावरची आशा सोडली, असे भावाचे म्हणणे. मला हा इतिहास उलट दिशेने वाचावासा वाटतो. त्यांनी दार अडवून बसलेल्यांवरची आशा सोडली, आणि ती सोडण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. पण आमच्या शेजारच्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब त्यानंतर घरी बसले नाहीत; 1959 मध्ये भूमिहीनांच्या सत्याग्रहात तेच पुढे होते. अमुक माणसांकडून आता काही होणार नाही हे ओळखणे आणि माणसांकडूनच काही होणार नाही असे मानणे, या दोन गोष्टींत जे अंतर आहे, ते मला त्या काळ्या दगडाच्या देवळासमोरून जाताना दर वेळी आठवते. माझे नुकसान त्यांच्या अपमानाच्या शेजारी ठेवण्याच्याही लायकीचे नाही, हे मला माहीत आहे. तरी विचार करायला आधार लागतो आणि तो मी तिथून घेते.

पण खरे सांगायचे तर माझे मन इतिहासाने वळले नाही. ते वळायला कारण झाले त्या मार्चमधले नंतरचे दिवस, ज्यांच्याविषयी मला कुणीच विचारत नाही.

बुडव्या व्यापाऱ्याने तीन गाड्या नेल्या, तरी धाकट्या तुकड्यातला माल अजून वेलीवर होता आणि त्या व्यापाऱ्याचे काढणीचे मजूर आता येणार नव्हते. हंगामभर विरळणी आणि डिपिंग करणारी पेठकडची टोळी माझ्याकडे होती. तिचा शेवटचा हप्ता माल विकल्यावर द्यायचा ठरलेला होता, आणि तो द्यायला माझ्यापाशी काहीही नव्हते. मी मुकादमाला बोलावून सगळे खरे सांगितले. निम्मी टोळी दुसऱ्या दिवशी गिरणाऱ्याच्या नाक्यावरून दुसऱ्या बागेत गेली. त्यांना मी आजही दोष देत नाही. त्यांच्या घरी चूल रोज पेटवावी लागते आणि माझ्या अडचणीशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. बाकीचे राहिले. का राहिलात, असे मी मुकादमाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "बाग काय पळून जाते का, बाई?" म्हणजे त्याने भरवसा माझ्या चांगुलपणावर ठेवलेला नव्हता; जमीन इथे आहे, वेली इथे आहेत, बाई कुठे जाणार, असा त्याचा सरळ हिशेब होता. मला तेव्हा थोडे वाईट वाटले. नंतर वाटले, की हा हिशेब ठीकच आहे, विश्वास काही डोळे मिटून ठेवायचा नसतो.

परंतु त्या हिशेबात न बसणारी एक गोष्ट मी पाहिली. घड काढताना तो देठाला धरावा लागतो. मण्यांना बोट लागले की त्यांच्यावरची पांढुरकी झळाळी, ज्याला आम्ही लस्टर म्हणतो, पुसली जाते आणि माल हाताळलेला दिसतो. त्या दिवशी काढणीला उभ्या असलेल्या बायकांना मजुरी कधी मिळेल, मिळेल की नाही, हे कुणीही सांगू शकत नव्हते. व्यापारी देखरेखीला नव्हता, मुकादम खाली क्रेट मोजत होता आणि मी बँकेतून परत येऊन ओळीच्या टोकाला उभी होते, त्यांना न दिसेल अशी. एक बाई डाव्या हाताच्या दोन बोटांत देठ धरून घड उन्हाकडे वळवून पाहत होती, कात्रीच्या टोकाने आतला एखादा तडकलेला मणी अलगद काढत होती आणि मग घड कागद अंथरलेल्या क्रेटमध्ये देठ वर करून ठेवत होती. पुढचा घड, पुन्हा तसेच. ज्या मालाचे पैसे नक्की नव्हते त्याला ती इतक्या जपून का हाताळत होती, हे मी तिला विचारले नाही. सवय असेल, असे मुलगा म्हणतो. असेलही. पण मग माणसाच्या स्वभावात अशीही सवय असते, आणि स्वार्थाच्या गोष्टी सांगताना आपण तिला हिशेबात धरत नाही, एवढे तरी त्याने मान्य करावे.

तो माल नाशिकच्या बाजारात कमी भावाने गेला. टोळीचे पैसे त्यातून आधी दिले.

यातून सगळी माणसे चांगली आहेत असे सिद्ध होते, असा माझा दावा नाही. फसवणारा फसवू शकला, कारण त्याच्याआधी कितीतरी व्यापाऱ्यांनी आमचे पैसे वेळेवर दिलेले होते आणि त्या रिवाजाच्या आडोशाला तो उभा राहिला. हे मला आशेचे कारण वाटते, तर भावाला धोक्याचे. दोन्ही वाचने एकाच घटनेची आहेत. मोहाडीला शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सह्याद्री फार्म्ससारखी कंपनी उभी केली, तीही भाबडेपणातून आलेली नाही. एकेकटा शेतकरी नाडला जातो हे ओळखूनच ती उभी राहिली, आणि तरी तिला उभे राहायला शेतकऱ्यांनी एकमेकांवर विश्वास ठेवावाच लागला.

तो विद्यार्थी अजून दलाली करतो. रस्त्यात भेटला की थांबून नमस्कार करतो, मीही त्याची आणि मुलांची चौकशी करते. त्याने आणलेल्या व्यापाऱ्याला मी माल देत नाही. हे विसंगत आहे असे तुम्ही म्हणाल, तर माझ्यापाशी उत्तर नाही.

सध्या माझी अट अशी आहे, की निम्मे पैसे गाडी भरण्याआधी खात्यात आणि उरलेले आठ दिवसांत. या अटीपायी किलोमागे दोन-तीन रुपये कमी मिळतात आणि एखादा व्यापारी परतही जातो. मुलाला ही निम्मी उधारीसुद्धा मान्य नाही. सगळे आधी घे, नाहीतर माल बाजार समितीत ने, असे त्याचे म्हणणे आहे, आणि हिशेबाने पाहता तोच बरोबर ठरण्याची शक्यता अधिक आहे. यंदाही छाटणी झाली की हा वाद पुन्हा निघेल. मी त्याचे सगळे ऐकून घेईन, पण ते उरलेले निम्मे मी उधारीवरच ठेवणार आहे.