तुम्ही विचारलंत म्हणून : वॅगन अर्ध्याच का भरल्यात?

घरी कुणी आलं आणि माडीवर चढून माझी लोंढा स्टेशनची छोटी मॉडेल रेल्वे बघितली की पाचेक मिनिटांत हा प्रश्न येतोच. कोळशाच्या वॅगन कशा शिगोशीग भरल्यात, मग त्या लाल मालाच्या अर्ध्याच का? गल्लीतली पोरं विचारतात, "काका, माल संपला काय ओ?" शेजारचे अज्जा परवा वाकून बघत म्हणाले, "याक्री, अर्धा तुंबीरी?" म्हणजे का हो, अर्धंच भरलंय? प्रत्येकाला थोडं थोडं सांगून होतं, पूर्ण कधीच होत नाही, म्हणून आता सगळंच लिहून काढतो.

माल संपलेला नाही. लोहखनिज वॅगनमध्ये तेवढंच भरतात.

मामाचं घर लोंढ्याला, त्यामुळं कॉलेजच्या दिवसांत सुट्टीला गेलो की स्टेशनच्या पुलावर तासन् तास उभं राहणं हाच उद्योग. बळ्ळारीच्या खाणींच्या बाजूनं, होस्पेटकडून, खनिजाच्या गाड्या यायच्या आणि कॅसलरॉकवरनं घाट उतरून मुरगाव बंदराला जायच्या, उलटीकडून बंदरावरचा कोळसा घेऊन तोरणगल्लूच्या स्टील प्लांटकडं जाणाऱ्या गाड्या घाट चढून यायच्या, चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढं गेलं की एक मीटर वर, म्हणून मागनं ढकलायला बँकर इंजिनं लावलेली. प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं तर दोन्ही वॅगन सारख्याच, तीच वरनं उघडी बॉक्सएन जातीची वॅगन, तोच गंज. पण पुलावरनं खाली बघितलं की एकीत कोळशाचा डोंगर आणि दुसरीत तळाला लाल ढिगारे, वरच्या भिंती मोकळ्याच. मलाही तेव्हा वाटलं होतं की अर्धी गाडी फुकट का पळवतात.

हिशेब सोपा आहे. बॉक्सएनला चार ॲक्सल, म्हणजे चाकांच्या चार जोड्या, मूळ नियमानं एका ॲक्सलवर 20.32 टनांपर्यंत भार, म्हणजे सगळी मिळून 81 टन आणि थोडं. त्यातले साडेबावीस टन वॅगनचं स्वतःचं वजन. उरले 58-59 टन, पुढं नियम थोडे सैल झाले, पण हिशेबाला साठच धरा. आता आतली जागा आहे 56 घनमीटर. कोळसा हलका, घनमीटरला टनभरसुद्धा भरत नाही, त्यामुळं वॅगन काठोकाठ भरून वर शीग लावली तरी चालतं. खनिज घनमीटरला सव्वादोन-अडीच टन, म्हणजे पंचवीसेक घनमीटरमध्येच साठ टन पुरे होतात आणि वरची निम्म्याहून जास्त जागा रिकामी राहते. माझं मॉडेल 1:87 चं, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान, त्यात वॅगनची भिंत 22 मिलिमीटर उंच, तर खनिजाचा थर जेमतेम 10 मिलिमीटर. मी काठापर्यंत भरलं तर बघणाऱ्याला छान वाटेल हो, पण खरी वॅगन तशी भरली तर स्प्रिंगा बसतील, आणि हे एकदा कळल्यावर माझ्या हातनं तसं भरवतच नाही.

आता करतो कसं ते. पहिली चूक सांगतो कारण ती बहुतेक सगळेच करतात. मावसभाऊ बळ्ळारीकडं खाणींच्या संडूरला नोकरीला होता, त्याच्याकडनं डबाभर खरं खनिज मागवलं, कुटून बारीक केलं आणि वॅगनमध्ये चिकटवलं. रंग इतका सुरेख की मी दोन दिवस नुसता बघत बसलो. तिसऱ्या दिवशी इंजिन कुरकुरायला लागलं, उघडलं तर मोटरच्या चुंबकाला काळी लाल भुकटी चिकटलेली. खनिजातले चुंबकाला ओढले जाणारे कण सुटून आत गेले होते. मोटर बदलावी लागली. तेव्हापासून मी खानापूरकडची जांभ्याची लाल माती घेतो, वाळवतो, आणि कागदाखालनं चुंबक फिरवून ओढले जाणारे कण वेगळे काढतो, आपल्या मातीतसुद्धा ते असतात बरं का, ही पायरी सोडू नका.

मग चाळणं. खऱ्या वॅगनमधला दहा सेंटिमीटरचा खडा मॉडेलमध्ये मिलिमीटरभर होतो, म्हणून चहाच्या गाळणीतनं जे खाली पडतं ते वापरायचं आणि वर उरलेल्यातले मोजके चारदोन खडे टाकायचे. सगळे कण एकसारखे झाले की ते रव्यासारखं दिसतं. माल थेट वॅगनमध्ये ओतत नाही, फोम शीटचा तुकडा आतल्या मापापेक्षा मिलिमीटरभर लहान कापून त्यावर ढीग कोरतो. लोडरनं भरलेल्या वॅगनमध्ये तीनचार वेगळे ढीग दिसतात, मधे दरी, सपाट थापी मारल्यासारखं कधीच नसतं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, मॉडेल लहान झालं तरी ढिगाच्या उताराचा कोन लहान होत नाही, पस्तीस-चाळीस अंशांचा उतार तिकडं तसाच इकडंही. हा कोन चुकला की बाकी सगळं बरोबर असूनही डोळ्याला खोटं वाटतं आणि का ते कळत नाही.

फोमवर फेविकॉल, त्यावर माती, वरनं निम्मं पाणी घातलेलं फेविकॉल सिरींजनं थेंब थेंब. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब पाहिजेच, नाहीतर पाणी मातीवर गोळ्या होऊन तरंगतं. पावसाळ्यात हे काम करू नये, आमच्याकडं जुलैत आठवडाभर सुकत नाही आणि वर बुरशी धरते. फोमच्या पोटात एक लोखंडी वॉशर लपवतो, चुंबक टेकवला की अख्खा माल उचलून बाहेर येतो, म्हणजे बंदरावर गेलेली गाडी रिकामी करून कोळसा भरून परत आणता येते. वजन मालात ठेवत नाही, वॅगनच्या तळाला चिकटवतो. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संस्थेच्या नियमानं एवढ्या लांबीच्या वॅगनला साधारण 90 ग्रॅम लागतं, त्याहून हलकी असली तर वळणावर रुळांवरनं उतरते.

कोळशाला फार काही नाही, लाकडी कोळसा कुटून चाळायचा, शीग काठाच्या वर न्यायची. साखर तर बंद वॅगनमधनं जाते, दार लावलं की आत काय आहे कुणाला दिसतंय, म्हणून उगारच्या साखरेची पोती मी एम-सीलची करून मालधक्क्यावर रचतो, एकेक पोतं सेंटिमीटरभर.

कुणी म्हणतं आता खनिजाच्या एवढ्या गाड्या कुठं दिसतात. खरंय. 2010 मध्ये कर्नाटकानं निर्यात थांबवली, 2011 मध्ये सुप्रीम कोर्टानं बळ्ळारीचं खाणकाम बंद केलं, आणि पुढं काही ठिकाणी परवानगी मिळाली तरी मी बघितलेली ती रांग पुन्हा दिसली नाही. म्हणून माझ्या माडीवरचं लोंढा 2008 सालचं आहे. चौदा वॅगन झाल्यात, सहा खनिजाच्या, आठ कोळशाच्या. पंधरावीवर ताडपत्री घालायची म्हणून टिश्यू पेपर रंगवून ठेवलाय, पण दोरीच्या घड्या अजून मनासारख्या पडत नाहीत.