आज मैदानावर डॉक्टर आओंची गोष्ट सांगितली

आज संध्याकाळी चोपड्यात पोरांचा सराव संपला, तर आमच्या गोलकीपरचे वडील मैदानाच्या कडेला उभे. केळीच्या बागेतून थेट आलेले, शर्टावर चिकाचे डाग. म्हणाले, "सर, आते याना फुटबॉल बंद. नीटनं वरीस शे, डॉक्टर व्हवानं शे त्याले." पोरगं मान खाली घालून बुटाची लेस सोडत बसलं.

मी दादांना पायरीवर बसवलं आणि तालिमेरेन आओंची गोष्ट सांगितली. नागालँडमधल्या चांगकी गावचा मुलगा. कोलकात्यात मोहन बागान क्लबकडून फुटबॉल खेळायचा आणि तिथेच कारमायकेल मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकायचा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हा भारताचा कर्णधार. उद्घाटनाच्या संचलनात तिरंगा याच्याच हातात! स्वतंत्र भारताचं ते पहिलं ऑलिंपिक. फ्रान्सकडून आपण १-२ असे हरलो, दोन पेनल्टी हुकल्या, आणि आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. हे सांगताना माझा आवाज दरवेळी चढतो.

पण मला त्याच्या पुढचं जास्त मोठं वाटतं. शिक्षण पूर्ण करून माणूस आपल्या डोंगरात परतला, रुग्णसेवेत राहिला, नागालँडच्या आरोग्य सेवेचा संचालक झाला.

दादा बराच वेळ गप्प. मग पोराची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"हप्तामा दोन दिन धाडसू याले."

पोरगं तेव्हा कुठे वर बघायला लागलं.