खराब होईल

मे महिन्याची दुपार. इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या आमच्या पोर्चमध्ये मी फियाटचं मागचं सीट उपसून बाहेर काढलं, तर त्याच्या फटीतून चार चिंचोके, केसांची एक पिन आणि कमळाचं पितळी वीस पैशांचं नाणं पडलं. नाणं १९७० चं. ते मी हरवलं होतं की ताईने, यावर फोनवर अर्धा तास गेला. चिंचोके मात्र आपले म्हणायला दोघंही तयार नाही.

गाडी १९६६ ची. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९६४ पासून जी फियाट ११०० बनवायला लागली, ‘डिलाइट’ नावाची, ती ही. हिचंच पुढे बारसं होऊन पद्मिनी झाली आणि मुंबईत काळा-पिवळा रंग लावून टॅक्सी झाली. त्यामुळे सुट्टीत मुंबईचे चुलतभाऊ आले की आमच्या गाडीला हात दाखवून ‘टॅक्सी!’ ओरडायचे. अण्णांना ते फार लागायचं. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस झाला, तेव्हा त्याच भावांनी घरच्या ग्रुपवर रडके चेहरे टाकले. मी उत्तर दिलं नाही.

बेत एवढाच होता की सीट झाडायचं, पुसायचं, परत बसवायचं. पण वरची मरून मखमलीची खोळ पार विरली होती. (ती माझ्या लग्नातली, १९९३ ची. झालर माझ्या पसंतीची नव्हे.) म्हणून ती उसवली. खाली आईने शिवलेली टर्किश टॉवेलची खोळ निघाली, मागे कापडी बटणं लावलेली. तिच्याखाली कॉफी रंगाचं रेक्झिन; १९७४ साली गाडी सेकंड हँड घेतली त्याच आठवड्यात अण्णांनी चढवलेलं. आणि त्याच्याही खाली, टाचण्यांसारख्या क्लिपा एकेक उचकटल्यावर, मूळ सीट. फिकट निळं, पांढऱ्या गोटाचं, पट्ट्यापट्ट्यांच्या शिलाईचं. ओरखडा नाही.

मी तिथेच फरशीवर बसलो. या सीटवर मी किती बसलो असेन याचा हिशेब करून पाहिला. एकदाही नाही. जवळजवळ सगळं आयुष्य मी या सीटच्या दोन बोटं वरून प्रवास केला होता.

आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू आली की तिच्यासोबत एक वाक्य यायचं : ‘खराब होईल.’ अण्णांच्या सुटकेसला खाकी खोळ होती, आणि खोळ मळू नये म्हणून सुटकेस माळ्यावर प्लॅस्टिकच्या कागदात. मुंजीतल्या घड्याळाच्या काचेवरचा चिकट कागद मी मॅट्रिकपर्यंत काढला नव्हता. वेळ अंदाजाने बघायचो. मोठं झाल्यावर मला या खोळींचा राग यायला लागला, इतका की हल्ली लोकांच्या घरी रिमोटवरचं प्लॅस्टिक दिसलं की हात शिवशिवतात. एकदा साडूच्या घरी मी ते खरंच फाडलं. संबंध अजून पूर्ववत नाहीत.

टॉवेलच्या खोळीचा मात्र राग येत नाही. तिचा एक कोपरा काळा आहे. ओंकारेश्वरला जाताना सिमरोलच्या घाटात गाडी हटकून गप्प बसायची. इंजिन इतकं तापायचं की पेट्रोलची पंपातच वाफ व्हायची आणि कार्ब्युरेटरपर्यंत काही पोचायचंच नाही. यावर उपाय एकच, त्या पंपावर ओला फडका. एकदा फडका घरी राहिला. अण्णांनी शांतपणे सीटच्या पाठीची खोळ बटणं काढून सोडवली, सुराहीतलं पाणी तिच्यावर ओतलं आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं. आई सागाच्या झाडाखाली उभी राहून ते पाहत होती. शिवून आठ दिवस झाले होते. पाणी संपलं म्हणून आम्ही तहानलेले, खोळीविना उघड्या पडलेल्या कॉफी रेक्झिनला मांड्या चिकटलेल्या, आणि पुढे अण्णा स्टिअरिंगखालच्या गिअरचा दांडा ओढत शीळ घालताहेत. बडवाहला नर्मदेचा पूल येईस्तोवर आई एक शब्द बोलली नाही.

मागचं सीट तसं वाचलं, पण पुढच्याची दशा झाली होती. आतला काथ्या भुसा होऊन गळत होता, दोन स्प्रिंगा मोडलेल्या. गद्दीवाला येऊन बघून गेला. म्हणाला, “बाबूजी, फोम डलवा लो. ये नारियल का काम अब कौन करता है!” फोमला मी नाही म्हटलं. फोम माणसाला गिळतो; स्प्रिंग झेलते. रेल्वे फाटकावरून गाडी गेली की मागच्या सीटवर कोण जास्त उंच उडतो ही आमची स्पर्धा असायची, ती फोमवर कशी होणार? आता उडायला कोण बसणार आहे, हे त्याने विचारलं नाही, ही त्याची कृपा.

मग घरीच मांडामांड केली. स्प्रिंगा रॉकेलने धुतल्या, तारेच्या ब्रशने घासल्या, रेड ऑक्साइड मारलं. वर गोणपाट, त्यावर काथ्याची नवी गादी, त्यावर कापूस. निळ्याशी जुळतं रेक्झिन मिळायला तीन बाजार फिरलो. ते आईच्या उषा मशीनवर शिवायला बसलो आणि १४ नंबरच्या तीन सुया लागोपाठ मोडल्या. १८ नंबरची आणली, तर रेक्झिन मशीनच्या पायाला चिकटून जागचं हलेना. आई आता शहाऐंशी वर्षांची आहे. पलंगावरून न उठता म्हणाली, “पावडर लाव.” अंगाला लावायची पावडर भुरभुरली. शिलाई सरळ धावली. शिवलेली खोळ (हो, खोळच ती, दुसरा शब्द नाही) तासभर उन्हात टाकली, नरम झाली, मग चौघांनी ओढून चढवली. इंदूरच्या मे महिन्याचा मला झालेला हा पहिला उपयोग.

चाकांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात भांडणच जास्त झालं. चौदा इंची लोखंडी रिमा घासून चंदेरी करायच्या आणि व्हील कॅपचे पोचे आतून लाकडी हातोडीने ठोकून काढायचे, असं माझं मत. भाच्याचं म्हणणं, “मामा, अलॉय टाक ना, लोक वळून बघतील!” मी मूळ रूप, परंपरा वगैरे बोललो. त्याने होळकर काढले. इंदूरच्या यशवंतराव महाराजांची ती ड्युसेनबर्ग मोटार : चासी आणि इंजिन अमेरिकेचं, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून हवी तशी करून घेतलेली. “महाराजांनी केलं की शान, मी केलं की छपरीपणा?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या काळी बड्या गाड्यांची चासी घेऊन बॉडी दुसऱ्याकडून बांधून घ्यायची रीतच होती, हे मला रात्री अंथरुणात सुचलं.

मग त्याने मोबाइलवर २०२१ चा सरकारी नियम वाचून दाखवला. पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. “चाकांचं नाव आहे का यात?” नव्हतं. पण पुढची ओळ मीच वाचली : नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी, आणि गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशाच कामांना बाहेर काढायची.

म्हणजे वीस हजार भरून सबंध गाडीलाच खोळ. पाटीचा विषय तिथेच संपला. अलॉयचा मात्र अजून अधूनमधून निघतो.

शनिवारी सगळं जागेवर बसलं. निळी सीटं, पांढरा गोट, चंदेरी चाकं, वर काहीही नाही. आईला म्हटलं, चल, राजवाड्याला चक्कर मारू. ती हळूहळू आली, दार धरून उभी राहिली, सीटवरून एकदा हात फिरवला. “हे असं होतं होय,” म्हणाली. मग खांद्यावरचा टॉवेल काढला, सीटवर नीट पसरला, चारही कोपरे ओढून सारखे केले आणि त्यावर बसली.

“आई, अगं, कशाला?”

“घाम येतो रे. खराब होईल.”

मी किल्ली फिरवली. तिसऱ्यांदा सुरू झाली.