पाइप नंबर चार: भोकं जमली, पण गालावर खड्डा

मंडळी, मी घडवलेल्या तिसऱ्या तंबाखूच्या पाइपचं काय झालं ते आधी सांगून टाकतो. दिसायला झकास, ओढायला बेकार. चार मिलिमीटरचं धुराचं भोक चेंबरच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या पोकळीच्या, तळाला मिळायला हवं होतं, ते तळाच्या तीन मिलिमीटर वर निघालं. ज्या मित्राला दिला त्याचा आठव्या दिवशी फोन: "अरे, तळाशी ओली तंबाखू तशीच उरते, आणि हुक्क्यासारखी गुडगुड होते." (मी स्वतः ओढत नाही. घरात धूर नको, भुसा चालेल, असा बायकोशी तह आहे. भुशाचं कलमही तिनं नाइलाजानंच मान्य केलंय.)

चूक माझीच. आधी बाऊलचा (चेंबर असलेल्या डोक्याचा) आकार कोरला, मग भोकं पाडायला बसलो. गोल झालेल्या वस्तूवर सरळ रेघ मारणार कुठून? त्यात चारचं लांब ड्रिल लाकडाच्या रेषा धरून भरकटतं. म्हणून या वेळी ठोकळा चौकोनी असतानाच सगळी भोकं.

ठोकळा इटलीहून मागवलेला ब्रायर. नव्यांसाठी सांगतो: एरिका आर्बोरिया नावाचं भूमध्य समुद्राकाठचं झुडूप असतं, त्याच्या बुंध्याशी जमिनीत जी गाठ धरते ती ही. गाठी कापून तासनतास उकळतात, त्यातला चीक आणि टॅनिन निघून जातं, आणि मग महिनोन्‌महिने वाळवतात. फ्रान्सच्या जुरा डोंगरातल्या सेंट-क्लोड गावात 1850 च्या दशकात याचे पाइप बनू लागले. त्याआधी मातीचे आणि मीरशम नावाच्या मऊ पांढऱ्या दगडाचे. आपलं घरचं लाकूड का नको, हे मी पहिल्या पाइपला शिकलो. तो शिसवीचा होता, चार वेळा पेटवल्यावर आतून कोळसला.

तर चौथ्याची हकिकत. गुण्या लावून ठोकळा चारही बाजूंनी काटकोनात घेतला, खतावणीनं (सुताराच्या रेघ मारायच्या हत्यारानं) मध्यरेषा चारी अंगांवर फिरवली. तिसऱ्याच्या वेळी एकाच अंगावर मारली होती. मग ठोकळा ड्रिल प्रेसवर उभा बांधला आणि आधी आठ मिमीची साल, म्हणजे तोंडाकडच्या नळीचं कुसू बसायची खोबण, वीस मिमी खोल. इथे एकच पथ्य: व्हाइस सैल करायचा नाही. त्याच बांधणीत बिट बदलून चारचं ड्रिल लावलं. दर पाच-सहा मिमीला बाहेर काढून चुरा झटकत गेलो, कारण चुरा अडकला की ड्रिल तापतं आणि वाट सोडतं.

आता गणित बघा. चेंबर 19 मिमी रुंद, 36 खोल. धुराच्या भोकाचा मध्य वरून 34 वर धरला, म्हणजे त्याचा तळ बरोबर 36 वर येतो. चेंबरसाठी साधं चपटं स्पेड बिट ग्राइंडरवर घासून त्याचं टोक अर्धगोल केलं. 35 पर्यंत मशीननं गेलो आणि शेवटचा मिलिमीटर बंद मशीनचा चक हातानं फिरवत. दोन-तीन वेढे झाले की सालीतून फुंकर मारायची. पहिल्या तीन फुंकरांना काहीच नाही. चौथीला चेंबरमधून तांबूस भुशाचा भपका उठला आणि थेट माझ्या डोळ्यात गेला. डोळा चोळत बॅटरी मारून पाहिलं: भोक तळाला टेकलेलं, अगदी मधोमध. तोंड धुवायला गेलो तेही शीळ घालत.

आकार बिलियर्ड नावाचा, पाइपचा नेहमीचा सरळसोट. फ्रीहँडमध्ये, म्हणजे मनाला येईल तशा आकारात, चूक झाली तर कलाकुसर म्हणून खपवता येते. बिलियर्डमध्ये अर्धा मिलिमीटरही चुगली करतो. करवत, जाड दातांची कानस, मग पॉलिश पेपर 220, 400, 600. दोन रविवार गेले.

स्टेम, म्हणजे तोंडात धरायची नळी, इबोनाइटचं. फाउंटन पेन बनवणाऱ्या एका ओळखीच्याकडून कांडीचा उरलेला तुकडा मिळाला. इबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, त्यामुळे कानस लागली की घरभर लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीचा वास. उन्हात ठेवू नका, हिरवट पडतं. कुसू डेल्रिन नावाच्या कडक प्लास्टिकचं, साडेएकोणीस मिमी लांब. सालीपेक्षा अर्धाच कमी, कारण आत जास्त पोकळी राहिली की तिथे ओल साचते आणि गुडगुड पुन्हा हजर. सांधा बसवून पाइप क्लीनर तोंडाकडून सरकवला तो न अडखळता चेंबरच्या तळाशी निघाला. तिसऱ्यात सांध्यापाशीच अडायचा.

आणि मग 400 च्या पेपरला बाऊलच्या डाव्या गालावर काळा ठिपका दिसला. ब्रायरच्या गाठीत वाढता वाढता खडे, माती अडकते, त्याची पोकळी. घासून जाईल म्हणून घासत बसलो, तर मोहरीएवढा होता तो तुरीच्या डाळीएवढा झाला. मिलिमीटरभर उतरल्यावर थांबलो. भिंत साडेआठची होती, साडेसात राहिली. खड्डा दोन मिमी खोल धरला तरी मागे साडेपाच शिल्लक, म्हणजे जळून आरपार जायची भीती नाही. लुकण भरून वर गडद रंग मारणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. तापलं की भरलेलं सुटतं, आणि रंग कितीही मारला तरी डाग वेगळा दिसतोच. चरे पाडून गाल खडबडीत करावा, तर त्याच गालावरचे बर्ड्स आय (लाकडातले डोळ्यांसारखे बारीक ठिपके) इतके दाट आहेत की हात धजेना. खड्डा तसाच ठेवलाय.

काल स्पिरिटमधला गडद तपकिरी रंग दिला, वाळल्यावर 600 नं उतरवला, वरून फिकट तांबडा. डोळे छान उठलेत. चेंबरला आतून दही आणि ॲक्टिव्हेटेड चारकोलचा पातळ लेप दिलाय. दही फ्रिजमधलंच, रात्रीच्या कोशिंबिरीसाठी विरजलेलं. सध्या पाइप खिडकीत वाळतोय आणि मी बिनदह्याची कोशिंबीर खाल्ली आहे. कार्नुबा मेणाचं बफिंग राहिलंय, ते शनिवारी.