हिप्परगा तलाव: बांध बघा, फेरीच्या नादी लागू नका

"तलावाला पूर्ण फेरी मारता येते, सायकल आरामात जाते" असं ज्यांनी सांगितलं, त्यांनी उन्हाळ्यातला काठ पाहिला असणार. दिवाळीनंतर सायकल घेऊन त्या काठाने अजिबात जाऊ नका.

सोलापूरहून तुळजापूर रोडने तलावापर्यंत काही त्रास नाही. बांध तर पाहण्यासारखाच आहे. आदिला नदीवर १८७१ साली पुरा झालेला हा मातीचा बांध, कागदोपत्री एकरुख तलाव. सोलापूरच्या नळाला एकेकाळी इथलं पाणी यायचं. आता शहराची मुख्य भिस्त उजनीवर.

खरी गंमत बांध सोडल्यावर. पाणी मागे सरकलेली जमीन वरून वाळलेली दिसते, भेगाही पडलेल्या असतात. पण ती नुसती पापडी. खाली काळ्या मातीचा चिखल तसाच असतो. सायकल शे-दोनशे पावलं गेली की माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये ठासून बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. काडीने उकरायची, दहा पावलं ढकलायची, परत उकरायची. चिखल टाळून वर चढावं तर वेडी बाभूळ. तिचा काटा टायरमधून आरपार ट्यूबमध्ये जातो. माझी दोन्ही चाकं बसली. त्या पट्ट्याला रस्ता म्हणणाऱ्याला एकदा तिथून सायकल ढकलायला लावलं पाहिजे.

शेवटी एका छोटा हत्तीवाल्याने हायवेपर्यंत सोडलं. अंतर जेमतेम दोन किलोमीटर, मागितले सहाशे! घासाघीस करून चारशेवर आला, तेही सायकल आत टाकून झाल्यावर. अडलेल्या माणसाला असं लुटणं मला अजून पटलेलं नाही. गाडीत पाय ठेवायच्या आधी आकडा ठरवा, सायकलचं भाडं वेगळं का तेही विचारा.

जायचंच तर बांधावरून चालत जा आणि त्याच वाटेने परत फिरा. थंडीत सकाळी लवकर गेलात तर बदकं भरपूर दिसतात, दुर्बीण हवीच. पंक्चरचं सामान आणि पंप बरोबर असू द्या, प्यायचं पाणीही घरूनच न्या. आणि कोजागिरीच्या सुमारास गाडी काढू नका. तुळजापूरला पायी निघालेल्यांनी रोड भरलेला असतो, वाहतूकही वळवलेली असते.