पिंप्रदच्या पडवीतली दुपार

आषाढीच्या वारीत लोणंद सोडलं की ऊन बदलतं. दिवे घाटात पावसाने भिजवलेलं असतं, नीरेच्या स्नानाला पायाखाली चिखल असतो, आणि फलटणकडे निघालं की ढग नुसते डोक्यावरून पुढे जातात. जुने वारकरी म्हणतात, इथून पुढची वाट माउली चालवतात.

आमची दिंडी रथामागची. दिंडीतल्या जेवणा-मुक्कामाचे पैसे, म्हणजे भिशी, भरून मी ठाण्याहून एकटीच आले होते. आळंदीला प्रस्थानाच्या रेटारेटीत माझा दंड जिने धरला, त्या जिंतूरकडच्या मावशी. डोक्यावर तुळस, हातात वायरची पिशवी आणि तोंडाने अखंड सूचना. पाणी उभ्याने पिऊ नको. मोबाईल ठेव आत. रांग सोडू नको. पहाटे टँकरच्या नळाखाली आंघोळ उरकून त्या मला हलवून उठवायच्या, तेव्हा बाहेर काळोख असायचा. सासवड येईपर्यंत मला त्यांचा मनापासून वैताग आला होता. हरिपाठाला मात्र त्यांच्याच शेजारी जागा मिळावी असं वाटायचं. त्यांचा आवाज फुटका, पण ठाय लय सुटत नसे.

पुढच्या रांगेत एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर काका होते. पावली, म्हणजे टाळ-मृदंगावर पावलं टाकत नाचणं, मला त्यांनी शिकवली. "पायाकडं बघू नका माउली, मृदंग ऐका," एवढंच सांगायचे आणि पुन्हा टाळ धरायचे. माझी सॅक नीरेपासून त्यांच्याच खांद्यावर होती. मी मागितली की म्हणायचे, तुमच्या गाडीला लगेज जास्त झालंय.

जेजुरीचा भंडारा, वाल्ह्याचा मुक्काम, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण हे सगळं आता एकमेकांत मिसळलंय. अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावली ते आठवतं. त्या रात्री जेवण काय होतं, कुठे झोपलो, काही आठवत नाही.

फलटण ते बरड मात्र पावलापावलाने आठवतं.

विडणीला टाचेतली कळ सुरू झाली. पुढे डांबर इतकं तापलं की उजवा पाय मी तिरका टाकायला लागले आणि त्याने डाव्या चवड्यालाही फोड आला. पालखी महामार्ग रुंद झाला, ट्रकांची अडचण कमी झाली हे खरं. पण रस्त्याकडेची जुनी मोठी झाडं गेली आणि नवी अजून गुडघ्याएवढी. चालणाऱ्यांच्या नावाने रस्ता करायचा आणि चालणाऱ्यांची सावली काढून घ्यायची, याचा राग मला आजही आहे. त्यात एका टेम्पोतून बिस्किटांचे पुडे फेकत होते. पुडे उचलायला बाया वाकत होत्या आणि वरचा एकजण त्याचं चित्रीकरण करत होता. अन्नदान हातात द्यावं. फेकू नये.

पिंप्रदच्या जरा अलीकडे मी दुभाजकावर बसले. दिंडी पुढे गेली. वीणेकरी दिसेनासे झाले, मग पताकाही. मावशी थांबल्या. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. त्या हलेनात. "मावशी, जा ना हो," मी जवळजवळ ओरडलेच.

"वरडू नको. वरडायला जीव हाय, मंग चालायला बी हाय," म्हणाल्या आणि माझ्या पायावर सावली पडेल अशा उभ्या राहिल्या. तुळस डोक्यावरच.

रस्त्याच्या पलीकडे उसाला लागून एक घर होतं. पडवीतून एका बाईने हात केला. आम्ही जाईपर्यंत तिने घोंगडी अंथरली होती. घरधन्याने विहिरीवरची मोटार चालू करून पाइप रस्त्याकडेला आणून सोडला होता आणि येईल तो वारकरी त्याखाली पाय धुऊन पुढे जात होता. तिने मला काही विचारलं नाही. परात आणली, कोमट पाण्यात मीठ टाकलं आणि माझे पाय उचलून त्यात ठेवले. मी पाय मागे घेतले. माझ्या आईच्या वयाची बाई, तिने माझ्या पायाला हात लावायचा हे मला सोसेना.

"ऱ्हाऊ द्या जी," ती म्हणाली. "आमाला वारी घडत न्हाई. तुमी चालताय, तेवढं तरी करू द्या."

मग तिने चुलीच्या जाळावर सुई धरली. पांढरा दोरा हळद घातलेल्या तेलातून ओढून घेतला. फोडाच्या एका कडेने सुई आत, दुसऱ्या कडेने बाहेर, वरच्या मेलेल्या कातडीतूनच, त्यामुळे दुखलं असं नाहीच. सुई काढली, दोरा आतच ठेवला, दोन्ही टोकं बोटभर बाहेर. दोऱ्यावरून पाणी टिपटिप झिरपायला लागलं. "दोरा वढू नका. कातडं सोलू नका. आपसूक बसतंय." दुसऱ्या पायालाही तसंच. टाचेच्या भेगांना कोकमतेल गरम करून भरलं. हे सगळं चाललेलं असताना तिचा नातू माझ्या गुडघ्यावर हात ठेवून डोळे विस्फारून बघत होता, आणि मावशी त्याला ज्ञानोबा-तुकाराम म्हणायला शिकवत होत्या.

ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा. मावशींनी भाकरी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. निघताना त्या बाईच्या पाया पडल्या, ती मावशींच्या पडली, मग दोघी माझ्याकडे वळल्या. वारीत हे रोज चालतं, रोज बघत होते. त्या पडवीत मात्र मला रडू आवरेना. विठ्ठलाचं दर्शन मला कुठे झालं असं कुणी विचारलं तर मी पिंप्रद सांगते, आणि ते मनापासून सांगते.

बरडच्या तळावर पोचलो तेव्हा समाजआरतीसाठी दिंड्या उभ्या राहिल्या होत्या. चोपदारांनी चोप उंचावला आणि सगळा तळ गप्प झाला. फक्त एका दिंडीचे टाळ वाजत राहिले. आमच्याच! टँकर दुपारभर आला नव्हता, पंगतीला पाणी नव्हतं. तक्रार ऐकून घेईपर्यंत टाळ थांबवायचे नाहीत ही रीत, आणि सगळ्यांत जोरात कंडक्टर काका वाजवत होते. तक्रार मांडली गेली, टाळ थांबले. मग हरवल्या-सापडल्याची यादी: एक चष्मा, दोन काठ्या, एक मोबाईल, एक निळी वायरची पिशवी.

मावशींनी तेव्हा कुठे हाताकडे पाहिलं. माझ्या पायापाशी सावली धरून उभ्या होत्या, तेव्हा ती दुभाजकावरच राहिली होती. आत त्यांची रक्तदाबाची औषधं होती. कुणीतरी उचलून तळाला पोचवली. कुणी, ते कळलं नाही.

पुढचं भराभर सरलं. सदाशिवनगरचं गोल रिंगण, वेळापूरची धाव, वाखरीची गर्दी. दशमीला पंढरपुरात शिरलो. आषाढीला पदस्पर्शाची रांग आमच्या आवाक्यातली नव्हती. चंद्रभागेत स्नान केलं, नामदेव पायरीला डोकं टेकलं, कळसाचं दर्शन घेतलं. मावशींना तेवढं पुरलं. मला त्या दिवशी पुरलं नाही. मी चिडले, इतकं चालून आत जाता येत नाही म्हणून, आणि मावशींनी माझ्याशी तासभर अबोला धरला.

आता दर एकादशीला फोन होतो. कंडक्टर काकांनी पुढच्या वर्षीच्या भिशीत माझं नाव परस्पर लिहून टाकलंय. मावशी उपास धरला का, एवढं विचारतात आणि मग शेतावर येतात. यंदा परतल्यावर त्यांना दुबार पेरणी करावी लागली, सोयाबीन उशिरा आलं, त्यावर पिवळा मोझॅक पडला. गेल्या फोनवर पाऊण तास आम्ही फवारणीबद्दलच बोललो. कार्तिकीला शेतातून सुटका झाली तर त्या येणार आहेत, नाहीतर मी जिंतूरला जाणार आहे.